उन्हाळ्याच्या सुट्टीत बाळ येणार असेल, तर मोठ्या मुलांना नातेवाइकांकडे पाठवावे का?

सुट्टी लागता लागताच तुमच्या घरी बाळ येणार आहे, मोठी मुले नऊ आणि चार वर्षांची आहेत, त्यांना महिनाभर नातेवाइकांकडे पाठवले तर बाळंतिणीला विश्रांती मिळेल का आणि एवढ्याशा बाळाला उन्हाळा बाधू नये म्हणून काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे. पाठवू नका, आणि चार वर्षांच्या मुलाला तर मुळीच पाठवू नका.

माझे तिसरे बाळंतपण ऐन उन्हाळ्यात झाले, तेव्हा माझ्याही मोठ्या मुलांची वये हीच होती. बाळ चार दिवसांचे असताना नणंदबाई आल्या आणि म्हणाल्या, “थोरली शहाणी आहे, तिचा तुला हातभार लागेल, धाकट्याला मी नेते, तेवढीच तुला उसंत.” मी थकलेले होते, हो म्हणाले. धाकटा पाच आठवडे त्यांच्याकडे राहिला. त्याचे काही हाल झाले, असे मी म्हणणार नाही. त्यांनी त्याला जिवापाड सांभाळले, आणि तो एकदाही रडला नाही, हे त्या आजही अभिमानाने सांगतात.

तो परत आला ती संध्याकाळ मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याने चपला काढून एकीला एक लावून ठेवल्या, ज्या त्याने आयुष्यात कधी लावल्या नव्हत्या, आणि खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबून मला विचारले, “मी आत येऊ का?” आमच्या घरात कोणी कोणाला असे विचारत नाही. बाळ माझ्या शेजारी, म्हणजे त्याच्या जागेवर, झोपले होते. त्याच आठवड्यात बाळ ओळखीचे हसू लागले होते आणि ते हसू अर्थातच थोरलीच्या वाट्याला आले होते. नाळेचा सुकलेला खुंट गळून पडला तोही तिनेच पाहिला होता. धाकट्याला सगळे आयते मिळाले आणि आयत्या गोष्टीवर माया कशी बसणार? वर्षभरापूर्वी सुटलेले अंथरूण ओले करणे त्या रात्री पुन्हा सुरू झाले. डॉक्टरांनी सांगितले की नवे भावंड आल्यावर असे होते, रागावू नका, आपोआप थांबेल. ते खरेच होते, पण पाच आठवडे दूर ठेवले नसते तर एवढे झाले नसते, असे मला वाटते. नणंदबाईंना अर्थातच तसे वाटत नाही.

आता त्या उसंतीविषयी. नवजात बाळ दिवसरात्र मिळून चौदा ते सतरा तास झोपते, हे खरे. पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते आणि चोवीस तासांत त्याला आठ ते बारा वेळा अंगावर घ्यावे लागते. आईची झोप मोडते ती त्यामुळे, चार वर्षांच्या मुलाला दुसऱ्या घरी ठेवून त्यातला एकही तास परत मिळत नाही. मला उसंत द्यायचीच होती, तर बाळाचे कपडे धुऊन, थोरलीला दुपारी दोन तास खेळायला मोकळे सोडूनही देता आली असती. तिच्या ‘शहाणपणा’चा त्या सुट्टीत आम्ही सर्वांनीच जरा जास्त फायदा घेतला, आणि त्यात माझाही दोष आहे.

उन्हाळ्याचे म्हणाल, तर फार काही करावे लागत नाही. सुती, सैल आणि थोडे कपडे, खेळती हवा, पंखा चालेल, फक्त झोत थेट अंगावर नको. हातपाय गार लागले म्हणून दुपट्यावर दुपटे गुंडाळू नका, मान आणि छाती चाचपून पाहा. घामोळ्यांवर पावडर थापू नका. बाबागाडीवर कापड टाकून ऊन अडवू नका, आत हवा कोंडून ती भट्टीसारखी तापते. पाण्यावरूनही आमच्याकडे वाद झालाच. “उन्हाचे दिवस आहेत, घसा सुकत असेल, चमचाभर तरी पाज,” हा आग्रह रोजचा होता. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, आणि ते उन्हाळ्यातही लागू आहे. त्या दुधात पाण्याचाच भाग सर्वांत मोठा असतो. तहान आईला लागते, पाणी तिला द्या. बाळाला दूध पुरते आहे की नाही हे ओल्या लंगोटांवरून कळते: पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक.

बाळ किंवा आई आजारी असेल, किंवा घरात दुसरे मोठे माणूसच नसेल, तर माझे म्हणणे बाजूला ठेवा. पण तेव्हाही जवळच्याच घरी पाठवा आणि रात्री मुलाला स्वतःच्या अंथरुणावर झोपू द्या. मोठ्या मुलांना खोकला-सर्दी असेल, तर बाळापासून त्यांना दूर ठेवावेच लागते. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक भरला, तर घरगुती उपाय करत न बसता तत्काळ डॉक्टरांकडे जा.

त्या लंगोटांची मोजदाद थोरली भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीच्या रेघांनी करत असे. धाकटा आल्यावर तिने आपण होऊन ती पेन्सिल त्याला दिली. तो खुर्चीवर चढून एकेक रेघ ओढी, तिच्या रेघांच्या दुप्पट लांब. एके सकाळी बाळ अजून झोपलेलेच असताना त्याने त्या दिवसाच्या चौकटीत एक रेघ ओढलेली मला दिसली. ही कुणाची, असे विचारल्यावर तो म्हणाला, “माझी. रात्रीची.” ते कॅलेंडर मी जपून ठेवले आहे, नणंदबाईंना अजून दाखवलेले नाही.