योग खरंच हजारो वर्षांचा आहे का, आणि पायाच्या अंगठ्याला हात न लागणाऱ्याला तो जमतो का?

तुम्ही विचारलंय की सासूबाई योगाला पाच हजार वर्षांचा म्हणतात आणि नवरा म्हणतो ही शंभर वर्षांपूर्वीची कसरत, तर खरं कुणाचं? जाता जाता असंही लिहिलंय, की खाली वाकल्यावर हात जेमतेम गुडघ्याखाली पोचतात, मग आपल्याला जमेल का? खरं तर या दुसऱ्या प्रश्नासाठीच मी लिहायला बसले. पण त्याचं उत्तर पहिल्यातूनच निघतं.

पाच हजारांचा आकडा येतो मोहेंजोदडोला सापडलेल्या एका मुद्रेवरून, म्हणजे शिक्क्यावरून. तिच्यावर मांडी घातल्यासारखी बसलेली एक आकृती आहे. तिच्यावरची लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही, त्यामुळे हा योगीच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. कठोपनिषदात मात्र इंद्रियं स्थिर धरून ठेवणं म्हणजे योग, असं स्वच्छ म्हटलंय, आणि ते दोन हजार वर्षांहून जुनं आहे. हातपाय कुठे न्यायचे याबद्दल तिथे चकार शब्द नाही. पुढे पतंजलींनी एकशे नव्वदच्या वर योगसूत्रं रचली, त्यातली आसनावर फक्त तीन. ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन, हे सगळ्यांना पाठ असतं. मला त्याच्या पुढचं सूत्र जास्त मोलाचं वाटतं. आसन साधतं कशाने, तर प्रयत्न सैल सोडल्याने, असं त्यात म्हटलंय.

आसनांची वर्णनं मिळतात हठयोगावरच्या पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिका या ग्रंथात. तीही पंधराच, आणि बहुतेक बसून करायची. शवासन त्यात आहे, तेही ‘चित्ताला विश्रांती देणारं’ म्हणून. त्रिकोणासन नाही, सूर्यनमस्कार नाहीत. आपल्याकडे तर त्याच्याही आधी, १२९० साली, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूळबंधाचं (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत ओढून धरण्याचं) आणि कुंडलिनीचं (शरीरात सुप्त मानलेल्या शक्तीचं) वर्णन मराठीत आलं. ज्ञानदेवांकडे ही विद्या नाथपंथातून, निवृत्तिनाथांकडून आलेली. सासूबाईंना हे जरूर सांगा.

आता तुमच्या यजमानांची बाजू. वर्गात ओळीने उभं राहून, मोजून जे आपण करतो त्याची घडी खरोखरच गेल्या शतकात बसली, आणि तिचा मोठा भाग आपल्या इथे बसला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांत सक्तीचे केले. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम सुरू झालं. त्याचे संस्थापक स्वामी कुवलयानंद म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेले. नर्मदाकाठी मालसरला माधवदास महाराजांकडे ते योग शिकले. पण गुरूंनी सांगितलं म्हणून खरं, एवढ्यावर ते थांबले नाहीत. बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान (पोट आत ओढून धरणं) आणि नौली (पोटाचे स्नायू फिरवणं) करणाऱ्यांचे त्यांनी एक्स-रे काढवले, आतड्यातला दाब मोजला. नौलीच्या वेळी आत निर्वात, म्हणजे हवेचा दाब कमी झालेली पोकळी, तयार होतो हे दिसलं, तेव्हा त्या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचंच नाव दिलं. श्रद्धा आणि तपासणी एकाच माणसात अशी नांदलेली पाहिली की मला फार भरून येतं.

आणि पुण्यात १९३७ साली अठरा वर्षांचे बी. के. एस. अय्यंगार डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय सगळं सोसलेलं शरीर. न वाकणारं अंग म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. वीट, पट्टा, दोरी, घडी घातलेलं ब्लँकेट ही साधनं त्यांनी पुढे घडवली ती ज्यांचा हात पोचत नाही त्यांच्यासाठीच. हात पुढे जात नसेल तर जमीन वर आणायची.

माझंच सांगते. एकेचाळिसाव्या वर्षी पाठ धरली म्हणून क्लासला गेले. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, मी दात-ओठ खाऊन स्वतःला पुढे ओढत होते, मान ताठ, श्वास कोंडलेला. आमच्या बाई आल्या, बुडाखाली सतरंजीची जाड घडी सरकवली, तळपायांभोवती पंचा टाकून दोन्ही टोकं माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “अंगठा कुठे पळून जातोय का? श्वास सोड.” सोडला. खांदे कानांपासून खाली आले, आणि मांडीमागची ती दोरीसारखी ताणलेली शीर आपोआप बोटभर सुटली. प्रयत्न सैल सोडणं म्हणजे काय, ते मला त्या पंच्याने शिकवलं.

मन कुठून आलं यात, असं वाटत असेल तर आत्ताच मनगटावर बोटं ठेवून नाडी बघा आणि सावकाश श्वास घ्या. श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना मंदावतात. मनाला ‘शांत हो’ म्हणून ते ऐकत नाही, पण उच्छ्वास लांबवणं आपल्या हातात असतं, आणि मग ठोके ऐकतात.

सुरुवात थोडक्यात करा. जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत. ताडासन (सरळ ताठ उभं राहणं), भिंतीला हात टेकून अर्धं वाकणं, पंचा घेऊन पश्चिमोत्तानासन, शेवटी दहा मिनिटं शवासन. शवासन गाळू नका, घाईत आधी तेच कापलं जातं. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं आणि जोरकस कपालभाती (झटक्याने श्वास सोडत राहणं) डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पहिले दोन-तीन महिने तरी शिक्षक समोर हवा, कारण आपली मान ताठ झालेली आपल्याला दिसत नाही.

आणि पंचा लांब घ्या. नॅपकिन पुरत नाही, मग परत पाठीतून ओढणं सुरू होतं.