पुण्यातल्या कॉलेजात बँड काढतोय; बेल अँड सेबॅस्टियन हा स्कॉटिश बँड खरंच एका कोर्समधून जमला का?

हो, १९९६ साली ग्लासगोच्या स्टो कॉलेजमधून. बेरोजगार संगीतकारांसाठीच्या कोर्समध्ये गायक-गीतकार स्टुअर्ट मर्डॉक आणि बेस वाजवणारा स्टुअर्ट डेव्हिड भेटले. तिथल्या म्युझिक बिझनेसच्या वर्गाकडून दरवर्षी एक सिंगल (एका गाण्याची रेकॉर्ड) निघायचं. यांची गाणी इतकी आवडली की थेट अख्खा अल्बम झाला, 'टायगरमिल्क', फक्त १००० एलपी (विनाइल रेकॉर्ड). डेव्हिडने या दिवसांवर पुढे आख्खं पुस्तक लिहिलंय, त्यामुळे हे ऐकीव नाही. फिरोदिया करंडक या आंतरकॉलेज स्पर्धेची टीम जमवतात तशीच जमवाजमव: गिटारला स्टीव्ही जॅक्सन, चेलोला इझाबेल कॅम्पबेल, ड्रम्सवर रिचर्ड कोलबर्न, कीबोर्डवर ख्रिस गेडिस. सुरुवातीला हे मुलाखती देत नसत, फोटोंनाही टाळत. विक्षिप्त हा शिक्का तिथूनच बसला. मर्डॉक तर चर्चच्या हॉलची देखभाल करायचा आणि वरच्याच मजल्यावर राहायचा.

एक मात्र लक्षात घ्या, कोर्सने माणसं भेटवली, गाणी नाही. मर्डॉकने कित्येक वर्षं क्रॉनिक फटीगच्या (न हटणाऱ्या थकव्याच्या) आजारात काढली होती. गाणी लिहायला तो त्याच काळात लागला. म्हणून आधी तुमच्यात लिहिणारं कोण आहे ते बघा, ड्रमर नंतर मिळेल.