जुनं गोवं आणि चोडण: पहिल्यांदाच जाताय तर

जुन्या गोव्यातली चर्च आणि मांडवी नदीतल्या चोडण बेटावर होडीतून खारफुटी नि पक्षी बघणं, हा तुमचा बेत छान आहे. आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, बाकी सगळं नंतर. भरतीला होडी खारफुटीत आतपर्यंत शिरते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) आणि चिखलात चोची खुपसणारे पक्षी दिसतात. दोन्ही एकाच फेरीत मिळत नाही. म्हणून गाइडशी आदल्या दिवशीच बोला आणि चोडण आधी की जुनं गोवं, ते ठरवा.

नवखे इथे चुकतात:

- सगळी चर्च बघायचा हट्ट. बॉम जेझू आणि सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा पुरे. मनोऱ्यापाशी मात्र घाई नको.
- पणजी-रायबंदर रस्ता झोपेत काढणं. तो रस्ता १६३०च्या दशकातल्या बांधावरून जातो आणि तो बांध हेच एक प्रेक्षणीय स्थळ आहे!
- भडक कपडे. पक्षी दूर राहतात. चर्चसाठी खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा, सलीम अली अभयारण्य तिथेच. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षीही असतात. पक्ष्यांची नावं, कॅमेऱ्याच्या लेन्स यांत आत्ताच अडकू नका. साधी दुर्बीण बास. वेळ उरला तर गाइडला खाजन शेतं (खाडीकाठी बांध घालून केलेली शेतं) आणि खारं पाणी अडवणारी मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, दाखवायला जरूर सांगा.