इस्राएलच्या भूमिगत लढ्यात मेलेल्यांची नावे सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळातल्या, वस्तूंवर का कोरली जातात?

आपण विचारले आहे की, ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनमध्ये लढलेल्या एत्सेल आणि लेही या भूमिगत संघटनांच्या मृत सभासदांसाठी तोराची म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाची गुंडाळी, तिचा चांदीचा मुकुट किंवा ती ठेवतात त्या कपाटाचा पडदा अर्पण करण्यामागे काय विचार असतो, आणि अशा वस्तूला स्मारक म्हणावे की देणगी. मी स्वतः ज्यू नाही. जुन्या धातुकामावरील लेख वाचण्याचा छंद मला आहे आणि त्या ओघात हा विषय थोडाफार अभ्यासला आहे, तेवढ्या अधिकाराने लिहितो.

या लढवय्यांची दगडी स्मारके नाहीत असे मुळीच नाही. जेरुसलेममधल्या ज्या तुरुंगात त्यांना डांबले होते, तिथे आज संग्रहालय आहे. अक्को शहरातल्या किल्ल्यातही, जिथे असाच तुरुंग होता, संग्रहालय आहे. परंतु मूर्तीविषयी ज्यू परंपरेत पूर्वीपासून संकोच असल्यामुळे माणसाची आठवण राखायची ती पुतळ्याने नव्हे, तर नाव उच्चारून आणि त्या नावाने एखादे धर्मकृत्य घडवून, अशी रीत पडली. आपल्याकडे देवळाच्या घंटेवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे कोरतात, त्याच्याशी हे बरेच जुळते. फरक असा की घंटा फुटली तर ती मोडीत जाऊ शकते, तोराचे आवरण जाऊ शकत नाही. गुंडाळीच्या थेट सेवेत असलेल्या वस्तूंना गुंडाळीचेच पावित्र्य चिकटते असे धर्मशास्त्र मानते, आणि म्हणून आवरण जीर्ण झाले तरी ते फेकून न देता गेनिझा म्हणजे जीर्ण धर्मग्रंथांच्या राखीव जागेत ठेवावे लागते किंवा पुरावे लागते. ज्याच्या आठवणीचा सरकार किंवा नगरपालिका किती मान राखेल याची खात्री नव्हती, त्याच्या आईवडिलांना हा नियम केवढा आधार वाटला असेल!

सर्वांत मोठे अर्पण म्हणजे खुद्द गुंडाळी. चर्मपत्रावर हाताने लिहिलेली ३,०४,८०५ अक्षरे, आणि लेखनिकाला लागणारा साधारण वर्षभराचा काळ. शेवटची काही अक्षरे लेखनिक नुसती रेखून ठेवतो आणि समारंभाच्या दिवशी घरची माणसे त्यांत शाई भरतात, अशी रूढी आहे. मुलगा फासावर गेला आणि बापाच्या हातात बोरू आला, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा, म्हणजे देणगी आणि स्मारक यांतला भेद आपोआप पुसट होतो.

गुंडाळीचा खर्च ज्यांना झेपत नाही, ते तिचे दागिने देतात. इराकी ज्यूंची पद्धत मुंबईतही पाहायला मिळते, कारण भायखळ्याचे मागेन दाविद (१८६४) हे सिनेगॉग बगदादहून आलेल्या डेव्हिड ससूनने बांधले. या पद्धतीत गुंडाळी कापडात न ठेवता लाकडी नळकांड्यासारख्या उभ्या पेटीत ठेवतात आणि वर ‘रिम्मोनिम’ म्हणजे डाळिंबे खोवतात. अशी एक जोडी मी जवळून पाहिली आहे: चांदीचे फुगीर गोळे, त्यांना लटकणाऱ्या बारीक घंटा, आणि खालच्या नळीवर गोल फिरत गेलेली हिब्रू ओळ, जी वाचायची तर वस्तू हातात घेऊन फिरवावीच लागते. सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथला म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनी वाचनासाठी गुंडाळी बाहेर निघते तेव्हा घंटा वाजतात. ओळ कुणी वाचो न वाचो, नाव मंडळीतून फिरून येते.

त्या ओळीच्या शेवटी काय लिहिले आहे, ते अवश्य पाहावे. साध्या मृत्यूनंतर ‘त्याची आठवण आशीर्वादरूप ठरो’ या अर्थाची दोन अक्षरे असतात. मारल्या गेलेल्या माणसाच्या नावापुढे मात्र बहुधा ‘देव त्याच्या रक्ताचा सूड घेवो’ या वाक्याची तीन आद्याक्षरे येतात. तारीख हिब्रू पंचांगाची असते. उदाहरणार्थ, १६ एप्रिल १९४७ रोजी अक्कोच्या तुरुंगात फाशी गेलेल्या एत्सेलच्या डोव्ह ग्रुनरची तिथी निसान महिन्याची २६, वर्ष ५७०७. दरवर्षी दिवा लावायचा आणि कद्दिश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणायची ती या तिथीला.

भूमिगतांच्या बाबतीत या प्रथेला एक राजकीय किनारही आहे. लेहीच्या दोन तरुणांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये कैरोत लॉर्ड मॉइन या ब्रिटिश मंत्र्याला गोळ्या घातल्या, त्यात त्याचा चालकही मेला. ब्रिटिशांच्या लेखी हे दहशतवादी होते, आणि ज्यू समाजाच्या अधिकृत नेतृत्वानेही त्यांचा निषेध केला होता. १९४८ नंतर सत्ता त्याच नेतृत्वाकडे राहिली. त्या दोघांच्या अस्थी इस्राएलमध्ये आल्या त्या १९७५ साली, आणि लेहीच्या सैनिकांसाठी सरकारी मानचिन्ह निघाले ते १९८० मध्ये, एत्सेलचे जुने प्रमुख मेनाहेम बेगिन पंतप्रधान असताना. सिनेगॉगला अशा मान्यतेची वाट पाहावी लागत नाही. गब्बाईने, म्हणजे तिथल्या कारभाऱ्याने, होकार दिला की पुरते. माझ्या मते या प्रथेचे बळ इथे आहे आणि तिची अडचणही इथेच आहे, कारण पडद्यावरची जरीची ओळ माणसाचे नाव सांगते, त्याने काय केले ते सांगत नाही. शिवाय यांतले सगळेच धार्मिक नव्हते. वस्तू बोलते ती आईवडिलांच्या भाषेत.

एका प्रसंगात हे उलट घडले. एत्सेलचा मेइर फाइनस्टाइन आणि लेहीचा मोशे बराझानी जेरुसलेमच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होते. संत्र्यांच्या सालीत दडवून बाहेरून आलेले हातबॉम्ब त्यांच्याजवळ होते. २१ एप्रिल १९४७ च्या रात्री फाइनस्टाइनने पहाऱ्यावरच्या ब्रिटिश शिपायाला, टॉमस गुडविनला, आपले बायबल भेट दिले, त्यात काही ओळी लिहिल्या, आणि प्रार्थनेसाठी आम्हाला जरा एकटे सोड असे सांगितले. मग दोघांनी एकमेकांना मिठी मारून स्फोट घडवला. इथे अर्पण करणारा स्वतःच मरणारा होता आणि घेणारा शत्रूचा माणूस. गुडविनच्या घरी ते बायबल साठ वर्षे राहिले, आणि २००७ मध्ये त्याच्या मुलाने ते फाइनस्टाइन कुटुंबाला परत आणून दिले.