वेफर, वॅफल आणि मधाचं पोळं

प्रश्न असा आलाय की मुंबईत चर्चगेटला के. रुस्तम या आईस्क्रीमच्या दुकानात आईस्क्रीमची जाड वडी दोन वेफरमधे घालून देतात त्याला वेफर कसं म्हणायचं, वेफर तर बटाट्याचे, मग ते वॅफल, म्हणजे साच्यात भाजलेला तो चौकटी-चौकटींचा जाड केक, ना? नाही! हे 'वेफर नाही हो, वॅफल म्हणा' इतक्यांदा ऐकलंय की डोकं फिरतं. परवा एका दुकानात नातीने आजीला असंच सुधारलं आणि आजी बिचारी गप्प बसली, बरोबर बोलत असून.

गंमत वेफरमधे आहे. वेफर आणि वॅफल हा मुळात एकच शब्द, आणि त्याचा अर्थ मधाचं पोळं! डचमधून सरळ आला तो वॅफल, उत्तर फ्रान्सवरून फिरून आला तो वेफर, आणि बाकीच्या फ्रेंचांनी व चा ग केला म्हणून त्यांच्याकडे गोफ्र. आपण दुकानात वॉरंटी आणि गॅरंटी म्हणतो तीही अशीच जोडी. वेफरवरून बोट फिरवा, बारीक चौकटी लागतात, तीच पोळ्यातली घरं, तापलेल्या दोन लोखंडी साच्यांत पीठ दाबलं की तो ठसा उठतो. त्यामुळे 'वेफर म्हणजे मुळात पातळ चकती' असं जे जाणकार ठोकून देतात ते साफ उलटं सांगतात, पातळपणा नंतर चिकटला आणि त्यावरून बटाट्याच्या कापांना ते नाव गेलं. स्कॉटलंड-आयर्लंडमधे अजूनही वेफर मागितला की दोन वेफरमधलं आईस्क्रीमच हातात येतं. न्यूयॉर्कला 1900 च्या सुमारास बाउरी भागात हातगाडीवर ते एका सेंटला मिळायचं, तिथे नाव पडलं आईस्क्रीम सँडविच.

पण खरी मजा पुढेच आहे. आपलं पोळं बघा. मधाचं ते पोळं, आणि मालवणात तव्यावर घालतात ते तांदळाचे पोळे, गोव्यात पोळो. आमच्याकडे बिडाच्या तव्यावर पीठ ओतलं की झाकणाखाली भोकं भोकं पडून जाळी सुटते, ती बघून कुणाला मोहोळ आठवणार नाही? आणि आग्या माशीचं पोळं पाहिलंय का, फांदीला लटकलेलं, एकच सपाट, अर्धगोल, अगदी दुमडलेल्या पोळीसारखं. मला आपलं वाटतं की पोळी, पोळो आणि पोळं ही सख्खी भावंडं असावीत. तिकडे युरोपात पोळ्याचं नाव खाण्याला लागलं, इकडे खाण्याचं पोळ्याला लागलं असेल. हा नुसता उच्चाराचा योगायोगही असू शकेल, पण तसं म्हणणाऱ्याने एकदा तव्यासमोर उभं राहावं आणि मग बोलावं.

हां, रुस्तमचं राहिलंच. वेफरच म्हणा. बिस्किटही नको, कारण बिस्किट म्हणजे दोनदा भाजलेलं, आणि वेफर साच्यात एकदाच भाजतात.