आयईएलटीएसच्या रीडिंगनंतर मित्रांशी उत्तरं जुळवली, आठ वेगळी निघाली. आता स्पीकिंगला जाऊ का?

जायचंच. आणि तोपर्यंत त्या आठ उत्तरांबद्दल कुणाशीही एक शब्द बोलायचा नाही.

तुम्ही लिहिलंय की शनिवारी पुण्यात आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, लेखी बाजू झाली, कोल्हापूरला परतताना एसटीत तिघा मित्रांबरोबर उत्तरं जुळवली, आणि आता सोमवारी स्पीकिंगसाठी, म्हणजे तोंडी भागासाठी, परत पुण्याला जायचा जीव होत नाही. तुमचा प्रश्न वाचून माझ्या पोटात कालवलं, कारण हे सगळं माझ्यावरही गुदरलंय.

2019 साली कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासमधून आम्ही चौघी पुण्याला गेलो होतो. तेव्हा आमची परीक्षा कागदावर होती. लिसनिंग, रीडिंग, रायटिंग एका दमात झालं आणि माझं स्पीकिंग त्याच दिवशी दुपारी होतं. मधल्या वेळात केंद्राबाहेर चहाच्या गाड्यावर उभ्या राहिलो आणि एकीनं विषय काढलाच, दिलेलं विधान उताऱ्यानुसार ट्रू, फॉल्स की उताऱ्यात नसलेलं, म्हणजे नॉट गिव्हन, हे ओळखायच्या प्रश्नांचा. "तिसऱ्या उताऱ्यातलं ते नॉट गिव्हन होतं न्हवं?" दुसरी म्हणाली, "मी तर ट्रू लिहिलोय की!" तिथून जे सुरू झालं ते अर्धा तास थांबलं नाही. आमच्यातली एक जरा ठासून बोलणारी. ती म्हणेल ते बरोबर, असं आम्ही क्लासपासून धरून चाललेलो. तिच्याशी माझी नऊ उत्तरं जुळेनात. मी मनातल्या मनात नऊच्या नऊ खोडून टाकली आणि तशीच स्पीकिंगला आत गेले. परीक्षक बाई छान हसून माझ्या गावाबद्दल विचारत होत्या. कोल्हापूरवर बोलायला मला कधी शब्द कमी पडलेत? त्या दिवशी पडले. डोक्यात तिसरा उतारा फिरत होता.

तेरा दिवसांनी निकाल आला. रीडिंग 7.5, स्पीकिंग 5.5. हे बँड, म्हणजे आयईएलटीएसचे गुण, नऊपैकी असतात; मला प्रत्येक भागात किमान 6 हवे होते. आणि जिच्या शब्दावर मी माझी उत्तरं खोडली होती, तिला रीडिंगमध्ये 6 मिळाले होते. एकच भाग पुन्हा द्यायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून पुन्हा पूर्ण फी भरून चारही भाग द्यावे लागले.

ही उत्तरं जुळवायची सवय आपल्याला लागते कुठून, यावर मी नंतर बराच विचार केला. आपल्या जिल्ह्यात शाळेतली शिष्यवृत्ती परीक्षा म्हणजे घरातलं कार्य असतं. पेपर सुटला की गेटवर गुरुजी उभे, पोराच्या हातातून प्रश्नपत्रिका घेतात आणि तिथेच झाडाखाली बसून एकेक प्रश्न तपासतात. तिथे ते योग्यच आहे. प्रश्नपत्रिका हातात असते, पुढे परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची लावते, त्यावर हरकती घेता येतात, मग अंतिम सूची येते. जुळवण्याला काहीतरी आधार असतो. आयईएलटीएसमध्ये यातलं काहीच नाही. पेपर केंद्रातच राहतो, उत्तरसूची कधी बाहेर येत नाही. तुमच्या एसटीत उतारा कुणाकडेच नव्हता, होत्या चौघांच्या चार आठवणी. आणि ज्याचा आवाज मोठा, त्याची आठवण खरी ठरते.

त्यातही भांडण नेहमी होतं ते ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनवर. इथे आठवण हमखास दगा देते. माझ्याकडे रविवारी सकाळी पाच-सहा जण सरावाला येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी दोन वाक्यांचा उतारा देते: "राधानगरी धरण भोगावती नदीवर आहे. त्याला सात स्वयंचलित दरवाजे असून पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात." मग तीन विधानं. दरवाजे उघडायला दर वेळी माणूस लागतो: फॉल्स, यावर कुणाचं दुमत नसतं. धरण भोगावतीवर आहे: ट्रू. आणि तिसरं, धरणाचं काम शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं. सगळे हात वर करून ट्रू म्हणतात! कोल्हापुरातलं शाळकरी पोरगंही हे जाणतं. पण त्या दोन वाक्यांत महाराजांचा उल्लेखच नाही, म्हणून उत्तर नॉट गिव्हन. गोष्ट खरी आहे, पण उताऱ्यानं ती सांगितलेली नाही. एवढा फरक पेपर हातात असताना पकडायला आठवडे जातात. तो एसटीत, पेपर नसताना, दमलेल्या चार डोक्यांनी कसा ठरवायचा?

जुळलेल्या उत्तरांचंही तसंच. तुम्ही दोघं तोंडानं एकच शब्द म्हणालात, पण एकानं तो अनेकवचनी लिहिला असेल, दुसऱ्यानं एकवचनी. एकानं "दोनपेक्षा जास्त शब्द नकोत" ही सूचना सोडून तीन लिहिले असतील. स्पेलिंग चुकलं तरी गुण जातो. हे बोलण्यात ऐकू येत नाही. म्हणजे चाळीसपैकी बत्तीस जुळली म्हणून बत्तीस बरोबर असं नाही, आणि आठ जुळली नाहीत म्हणून आठ चूक असंही नाही.

तरी तुमच्या मनात आकडा घोळत असणार म्हणून सांगते. अकॅडमिक, म्हणजे उच्च शिक्षणासाठीच्या परीक्षेच्या, रीडिंगमध्ये 40 पैकी साधारण 23 ला 6, 30 ला 7 आणि 35 ला 8 बँड पडतो. पेपर किंचित अवघड-सोपा असेल तसा हा हिशेब थोडा हलतो. नोकरी-स्थलांतरासाठीच्या जनरल ट्रेनिंग परीक्षेचं कोष्टक वेगळं आहे, तिथे त्याच बँडला जास्त उत्तरं बरोबर लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तुम्ही अकॅडमिक दिली असेल आणि ती आठही चुकली, बाकीची बरोबर आली, तरी बँड 7 च्या आसपास आहे. तुम्ही ज्याला बुडालो म्हणताय ते हे आहे. अंदाज म्हणूनही हे बुडणं नव्हे.

एक गोष्ट जरा कडक शब्दांत. तुमच्यातल्या कुणीतरी प्रश्न आठवून आठवून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेत, असं तुम्ही लिहिलंय. ते काढायला सांगा. परीक्षेतला मजकूर बाहेर द्यायचा नाही, हे नोंदणी करताना आपण मान्य केलेलं असतं.

उत्तरं जुळवण्याच्या मी विरोधात नाही. माझ्याकडे रविवारचा अर्धा वेळ त्यातच जातो, आणि पोरं शिकतात ती तिथेच. पण नियम एकच: उत्तर सांगायच्या आधी उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवायचं. "मला वाटतंय" चालत नाही, "मला आठवतंय" तर नाहीच. बोट ठेवलं की आवाज आपोआप खाली येतो. शांत बसणारी एखादी मुलगी हळूच ओळ दाखवते आणि सगळ्या वर्गाचं उत्तर बदलतं. अशा वेळी मला त्या चहाच्या गाड्यावरची मी आठवते.

निकाल खरंच कमी आला तर वाटा आहेत. परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते, बँड बदलला तर तिची फी परत मिळते. संगणकावर परीक्षा दिली असेल तर आता एकच भाग पुन्हा देता येतो, फक्त तुमचं विद्यापीठ तो निकाल मान्य करतं का ते आधी विचारून घ्या. पण हे निकालानंतरचं.

आज रविवार आहे. स्पीकिंग 11 ते 14 मिनिटांचं असतं, मधल्या भागात एक मिनिट विचार करून दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. संध्याकाळी रंकाळ्यावर जा. बरोबर असा कुणीतरी घ्या ज्यानं ही परीक्षा दिलेली नाही, बहीण, शेजारचा दादा, कुणीही. घड्याळ लावून दोन-दोन मिनिटं इंग्रजीत बोला: तळ्याबद्दल, घरच्या गणपतीबद्दल, तालमीबद्दल, काहीही. घरी आल्यावर त्या तिघांना एकच मेसेज करा, की सोमवारचं स्पीकिंग होईपर्यंत रीडिंगचा विषय बंद. त्यांचंही स्पीकिंग राहिलं असेल तर तेही मनातून तेवढेच घाबरलेले असतील.