अमेरिकेत क्रेडिट कार्डांच्या वेलकम बोनसवर खरंच भारतात फुकट जाता येतं का? कोणतं कार्ड घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत येऊन सहा महिने झालेत, आणि ऑफिसातले लोक बोनसच्या पॉइंटांवर भारताच्या वाऱ्या करतात ते ऐकून विश्वास बसत नाही.

ठेवा विश्वास. फक्त 'फुकट' हा शब्द आधी खोडून टाका. कार्डाची फी असते, तिकिटावरचे टॅक्स असतात, आणि सीट शोधताना रात्रीची झोप जाते ती वेगळीच. कोणतं कार्ड ते पुढे सांगते. आधी माझं ऐकून घ्या, कारण याच विषयावर माझ्या सख्ख्या भावाने मला दहा वर्षं ऐकवलंय.

२०१४ सालची गोष्ट. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला नवीन होतो. एका बँकेचं कार्ड घेतलं: तीन महिन्यांत ३,००० डॉलर खर्च करा, ५०,००० पॉइंट घ्या. अर्ज मंजूर झाला ३ मार्चला. कार्ड पोस्टाने आलं तेव्हा आमचं घर बदलणं चाललं होतं, त्यामुळे पाकीट तसंच एका खोक्यात गेलं. २४ मार्चला ते सापडलं, कार्ड चालू केलं आणि मी शहाणीने तिथून तीन महिने मोजले. ११ जूनला ३,००० पूर्ण. बोनसची वाट बघते, बोनस नाही. फोन केला तर पलीकडची बाई फार गोड आवाजात म्हणाली, मुदत खातं उघडल्याच्या तारखेपासून धरतात. म्हणजे आठ दिवसांनी हुकलं. वर ती मला "आणखी काही मदत करू का?" म्हणाली.

ही चूक मी दादाला सांगायला नको होती. तो डॅलसला असतो, दर रविवारी फोन करतो. "बँक काय तुझी आत्या लागते का फुकट द्यायला?" हे त्याचं वाक्य तेव्हापासूनचं.

त्यानंतर काही वर्षं मी गप्प होते. मग २०२१च्या उन्हाळ्यात चेस बँकेने आपल्या सफायर प्रेफर्ड कार्डाचा बोनस १,००,००० पॉइंटांवर नेला. तीन महिन्यांत ४,००० डॉलर खर्च, वर्षाची फी ९५. जुलैत मी घेतलं, ऑगस्टात मी रेफर करून नवऱ्याला घ्यायला लावलं. दोघांचे मिळून ८,००० डॉलर. ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण मुलाचं डेकेअर, दोन्ही गाड्यांचा सहा महिन्यांचा इन्शुरन्स एकदम, माझ्या दाढेचं रूट कॅनल आणि ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतला किराणा, यात तो गेला. खर्च बोनससाठी करायचा नसतो, होणारच आहे तो त्या कार्डावर वळवायचा असतो. (एक दुसरा इन्स्टंट पॉट आला घरात, तो मी या हिशेबात धरत नाही.)

या वेळी तारखा मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहिल्या, त्याही खऱ्या मुदतीच्या दोन आठवडे आधीच्या. ती सवय अजून आहे. पुढच्या वर्षी आई आली तेव्हा तिसरं कार्ड चालू होतं. एकादशीच्या चौकोनात 'कार्ड शेवट' लिहिलेलं वाचून तिने विचारलं, "हे कसलं गं व्रत?"

तर आई. गुडघे दोन्ही गेलेले, ऑपरेशनला नाही म्हणते. बाबांनी "मला तिकडे करमत नाही" म्हणून आधीच हात वर केले होते. आधीच्या खेपेला इकॉनॉमीतून आली तेव्हा पाय इतके सुजले होते की पहिले चार दिवस चप्पल चढली नाही. मी ठरवलं, या वेळी पाय पसरून येऊ दे. नवऱ्याचे पॉइंट माझ्या खात्यात घेतले (चेस घरातल्या एका माणसाबरोबर हे करू देतं) आणि रोज रात्री मूल झोपलं की एरोप्लॅनवर, म्हणजे एअर कॅनडाच्या पॉइंट योजनेच्या साइटवर, सीट शोधत बसायचे. एरोप्लॅनच का? चेसचे पॉइंट तिकडे टाकता येतात, आणि लुफ्तान्साही एअर कॅनडासारखीच स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे एअर कॅनडाच्या पॉइंटांवर तिचं तिकीट निघतं. मुंबई–फ्रँकफर्ट–न्यूअर्क, बिझनेस क्लास, एका बाजूचे तेव्हा ८५,००० पडत होते. बावीस-तेवीस रात्री काही नाही. मग एके दिवशी एकच सीट दिसली, गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यातली. पॉइंट चेसमधून तिकडे टाकले. एकदा गेले की परत येत नाहीत, म्हणून सीट डोळ्यांसमोर दिसल्याशिवाय कधीही टाकू नका, हे लिहून ठेवा. परतीचंही तसंच जमलं.

न्यूअर्क विमानतळावर मी दाराशी उभी. व्हीलचेअर बुक केलेली होतीच, आपल्या सगळ्यांच्या आयांची असते. बघते तर व्हीलचेअर येतेय, तिच्यात आईची पिशवी बसलेली, आणि आई शेजारून चालत. ढकलणारा पोरगा हसत होता. "एसटीच्या मागच्या बाकावर झोपतात ना, तशी आडवी झाले गं," म्हणाली. सोबत आणलेल्या दशम्या न सोडता परत निघाल्या. विमानात दिलेला तो छोटा पाऊच मात्र आणला, "हा घेतला तर चालतो ना?" असं दोनदा विचारून. आता कराडला त्यात तिच्या बीपीच्या गोळ्या असतात.

यावर दादा काय म्हणाला असेल? "दोन लाख पॉइंट म्हणजे अडीच हजार डॉलर. तेवढ्यात आई-बाबा दोघांची इकॉनॉमीची येण्या-जाण्याची तिकिटं निघाली असती." आकडा बरोबर आहे. तेव्हा चेसच्या साइटवरून तिकीट काढलं तर प्रेफर्डच्या एका पॉइंटचे सव्वा सेंट मिळायचे. पण दादा, बाबा येणारच नव्हते, आणि सुजलेल्या पायांचे सेंट कुठे मांडतोस?

आता तुमचं. सहा महिन्यांत तुम्हाला मोठं कार्ड मिळेल असं वाटत नाही, क्रेडिट हिस्टरी, म्हणजे उधारी वेळेवर फेडल्याची नोंद, कच्ची आहे. तुमची पगाराची बँक देईल ते बिनफीचं साधं कार्ड घ्या, नाही दिलं तर डिपॉझिट ठेवून मिळणारं सिक्युअर्ड घ्या आणि वर्षभर दर महिन्याला पूर्ण बिल भरा. मग सुरुवात चेसपासून करा, कारण त्यांचा ५/२४ नियम आहे: मागच्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकांची पाच कार्डं उघडली असतील तर सहसा नकारच येतो. बायकोने तुम्हाला तिच्या कार्डावर ऑथराइज्ड यूझर केलं, म्हणजे तिच्याच खात्यावर तुमच्या नावाचं कार्ड काढलं, तर तेही त्या पाचात मोजलं जातं, हे फार जणांना उशिरा कळतं. अमेक्सचं, म्हणजे अमेरिकन एक्सप्रेसचं, उलटं. तिथे एका कार्डाचा बोनस साधारणपणे जन्मात एकदाच, म्हणून बोनस कमी असताना घाईने घेऊ नका, वाढेपर्यंत थांबा. पॉइंट साठवून ठेवण्यात मात्र अर्थ नाही. विमान कंपन्या भाव वाढवतात आणि आपल्याला विचारत नाहीत.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: महिन्याचं बिल पूर्ण भरायची सवय नसेल तर यातलं काहीही करू नका. वीस टक्क्यांच्या वर व्याज आहे, दोन-तीन महिने रक्कम मागे ठेवत गेलात की बोनस त्यातच जिरायला लागतो. बँकेला बोनस परवडतो तो दुकानदाराकडून घेतलेल्या कमिशनातून आणि अशा मागे ठेवणाऱ्यांच्या व्याजातून. दादाचं आत्यावालं वाक्य इथे लागू पडतं, एवढं मी मान्य करते. भारतातली कार्डं वापरणाऱ्यांनीही माझं ऐकून हिशेब करू नये, तिथले बोनस सहसा बरेच लहान असतात.

घर घ्यायचं असेल तर आधीचं वर्षभर नवीन कार्ड नको. हे मी अनुभवाने सांगते. आम्ही जुलै-ऑगस्टात कार्डं घेतली आणि नोव्हेंबरात होमलोनचा अर्ज केला. दोन्ही कार्डं देताना बँकेने केलेली क्रेडिटची चौकशी नोंदीत दिसत होती, तिच्याबद्दल कर्ज देणाऱ्यांनी लेखी खुलासा मागितला. ते पत्र दादाला कळलं, आणि तेव्हापासून दर गणपतीत, आरती झाली की, "कार्डांच्या नादात हिचं घर जाणार होतं" ही कथा पाहुण्यांना ऐकवली जाते.

दादा, तूही इथे वाचतोस हे मला माहीत आहे. ते पत्र पाच ओळींचं होतं, लिहायला पंधरा मिनिटं लागली, आणि आमचं कर्ज तीन टक्क्यांच्या आसपास बसलं. तुझं २०१८चं साडेचारच्या वर आहे. आमचं कमी बसलं ते २०२१मध्ये बाजारातच दर पडले होते म्हणून, माझ्या हुशारीने नव्हे, पण हे मी पाहुण्यांसमोर सांगणार नाही.